तिरप्या कापाचा उन्हाळा

होळी झाली की आमच्या घरातल्या दारांवरच्या सागवानी पट्ट्या कोपऱ्यांत किंचित सुटतात. फार नाही, पोस्टकार्डाची कड आत जाईल एवढ्याच. मृग लागला की त्याच पट्ट्या पुन्हा एकमेकींना घट्ट मिळतात. लाकूड कापलं, तासलं, पॉलिश करून भिंतीला ठोकलं, तरी हवेशी असलेलं त्याचं नातं काही तुटत नाही. फाल्गुनाच्या शेवटी जालन्याची हवा अशी कोरडी होते की ओठ फुटतात, टाचा उलतात, सकाळी काठोकाठ भरलेला माठ दुपारी खाली बसतो आणि लाकूड आखडतं. भरदुपारी दुकानातल्या फळ्यांच्या थप्पीतून टचकन आवाज येतो. नवखं गिऱ्हाईक दचकतं. मी मान वर करत नाही.

यंदाही तो आवाज सुरू झालाय. दारातून उन्हाचा पट्टा आत येतो, त्यात भुसा तरंगत असतो, आणि तापलेल्या सागवानाचा तो वास येतो, थोडा चामड्यासारखा, थोडा जुन्या तेलासारखा. हा वास आला की माझ्या मनात एकच उन्हाळा उघडतो. दोन हजार साल उलटून दोनचार वर्षं झाली असतील तेव्हाचा. त्याच्या आधीचे आणि नंतरचे उन्हाळे एकमेकांत मिसळून गेले. हा एक मात्र वेगळा राहिला.

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात आमच्या आत्याबाई गेल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मामा म्हणजे सासरे. आमच्याकडे सुना असंच म्हणतात. आत्याबाई बोलक्या होत्या असं म्हणणं म्हणजे गोदावरीला ओलसर म्हणण्यासारखं आहे. त्या उठायच्याच मुळी बोलत. भाजीवालीशी बोलायच्या, मांजरीशी बोलायच्या, उतू जाणाऱ्या दुधाशी बोलायच्या आणि लाईट गेली तर तिच्याशीही. मामांना बोलायची वेळच यायची नाही. कुणी त्यांना काही विचारलं की उत्तर आत्याबाई द्यायच्या, त्यांना चहा नको, त्यांचे गुडघे आता बरे आहेत, त्यांना ते स्थळ काही पसंत नाही. मामा शेजारी बसून मान हलवायचे. पन्नासेक वर्षं मामांच्या वाट्याचं बोलणं आत्याबाईंनीच केलं. आणि एका सकाळी, दळण निवडताना, बोलता बोलता त्या थांबल्या.

मग घरात आवाजच उरला नाही. आमची मुलगी तेवढी किलबिल करायची, पण परीक्षा संपल्याबरोबर ती माझ्या माहेरी, कुंभार पिंपळगावला गेली. उरलो तिघं. माझे मालक आधीच कमी बोलणारे, बापावर गेलेले. मामांनी दुकानात येणं बंद केलं. आमचं दुकान घराच्याच पुढच्या बाजूला, पत्र्याच्या शेडमध्ये. मधलं दार ओलांडलं की आलं. पण मामा ते दार ओलांडेनात. मागच्या अंगणात बाज टाकून बसायचे. ताट नेऊन दिलं की जेवायचे, पाणी दिलं की प्यायचे. काय हवं, काय नको, काही नाही. मी विचारलं तर मान हलवायचे आणि मग, उत्तर कुणीतरी देईल अशी वाट बघत असल्यासारखे थांबायचे. ते थांबणं मला बघवायचं नाही.

दुकानातही बाप-लेकात एक गप्पपणा होता, तो मात्र जुना. यांनी औरंगाबादहून तिरके काप घ्यायची मशीन आणली होती. लोखंडी पाटावर एक गोल पातं, त्याला दांडा. पाट डावी-उजवीकडे फिरतो, पात्याचं डोकं एका अंगाला कलतं, आणि लाकूड टेकवायला मागे उभी लोखंडी आड. दांडा खाली ओढला की पट्टी हव्या त्या कोनात कापून मिळते. मामांनी ती आणली त्या दिवशी एकदा बघितली. भांडण नाही, टोमणा नाही. फक्त तिच्याजवळ कधी उभे राहिले नाहीत. ते आपले त्यांच्या करवतीनं कापत राहिले, हे मशीननं, आणि मध्ये आत्याबाई दोघांना चहा देत दोघांशी वेगवेगळं बोलत राहिल्या.

दोन पट्ट्या कोपऱ्यात भेटायच्या असल्या की दोघींची टोकं तिरपी कापावी लागतात. त्या तिरप्या कापाला आमच्या घरात कलम म्हणतात. बोरूच्या टोकाला देतात तसा काप, म्हणून कलम. हा शब्द मी लग्न होऊन आले तेव्हाच ऐकला. माझे वडीलही सुतारच, पण गावातले. तिफण, वखर, बैलगाडीची चाकं. त्यांच्या कामात असले नखरे नव्हते. मोठं खोड कापायचं असलं की आरीचं दुसरं टोक मी धरायची. त्यामुळे लाकडाची भीती अशी मला नव्हती. पण तेवढंच. सासरी आल्यावर दुकानात मी भुसा झाडायला आणि चहा द्यायला जायची.

चैत्र लागला आणि गावाकडून येताना खडीवरून यांची मोटारसायकल घसरली. उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर आणि हात गळ्यात. डॉक्टरांनी सांगितलं, पाऊस पडेपर्यंत हातानं काही करायचं नाही.

आणि नेमकं तेव्हाच जालन्यातल्याच मस्तगड भागातल्या एका घराचं काम अंगावर होतं. राजस्थानातून कधीकाळी आलेलं, आता पुरतं जालन्याचं झालेलं व्यापारी कुटुंब. घरातल्या मोठ्या बाई, त्यांना सगळे काकीजी म्हणत. त्यांच्या मुलीचं लग्न अक्षयतृतीयेला ठरलं होतं. घराची सगळी दारं, खिडक्या आणि खालच्या मोठ्या हॉलच्या छताची कड सागवानी नक्षीच्या पट्टीनं सजवायची होती. पट्ट्या ओढून, घासून आमच्या दुकानात तयार पडल्या होत्या. फक्त कापून बसवायच्या राहिल्या होत्या. यांनी दुसरे सुतार बघितले. लग्नसराई, कुणाला सवड नव्हती, आणि एक-दोघं तर पुण्याला निघून गेले होते. काम परत करायचं म्हणजे काकीजींना ऐन वेळी उघड्यावर सोडायचं. त्यांनी विश्वासानं दिलेलं काम होतं, यांच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक.

एका सकाळी मी चहा घेऊन दुकानात गेले तर हे मशीनपुढे उभे होते. डाव्या हातानं दांडा धरायचा प्रयत्न करत होते आणि प्लास्टरच्या हाताच्या उघड्या बोटांनी पट्टी दाबून धरली होती. पातं बोटांपासून किती जवळ होतं ते बघून मी चहा तिथंच फळ्यांच्या थप्पीवर ठेवला.

मी म्हणाले, "काय करून राह्यलात? सरका तिकडं."

ते म्हणाले, "जमंल एका हातानं."

"न्हाई जमायचं. मला सांगा कसं करायचं ते. मी करते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मधल्या दाराकडे बघितलं, जणू आत कुणाला विचारायला हवं होतं. आत मामा होते, पण ते कशाला काही म्हणणार नव्हते. हे बाजूला सरकले.

साडी नेसून त्या मशीनवर उभं राहता येत नाही. पदर उडतो, निऱ्या पायात येतात. मी माझी आई शेतात जाताना घालायची तसा काष्टा घातला आणि वरून यांचा जुना फुल शर्ट. त्या दिवसांत त्यांच्या शर्टाची बटणं मीच लावून देत होते, कारण त्यांना एका हातानं जमायचं नाही. त्या सकाळी माझ्या शर्टाच्या बाह्या त्यांनी डाव्या हातानं, हळूहळू, घट्ट दुमडून दिल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण असं उजेडात, दुकानाच्या उघड्या दारात, एकमेकांचे कपडे नीट करत उभं राहायची आमची पहिलीच वेळ. दोघंही तिसरीकडे बघत होतो.

पहिला काप घेतला तेव्हा मी डोळे मिटले. यांनी लगेच मशीन बंद करायला लावली. म्हणाले, घाबर, पण डोळे मिटू नको. मग समजावून सांगितलं. खटका दाबायचा, पात्याला पूर्ण वेग येऊ द्यायचा, मग दांडा खाली आणायचा. काप झाला की खटका सोडून पातं थांबेपर्यंत वर उचलायचं नाही. हात नेहमी पात्यापासून लांब. पट्टी आडेला घट्ट. मी टाकाऊ तुकड्यांवर कापत राहिले. काप फाटायचे, कडा जळायच्या, जोडले की मध्ये उजेड दिसायचा. हे शेजारी उभे राहून सांगायचे, पण बोलून सांगायची त्यांना सवय नव्हती. आयुष्यभर हातानं दाखवलेलं. आता हात बांधलेला, म्हणून शब्द शोधावे लागत होते, आणि शब्द सापडेनात की ते चिडायचे, माझ्यावर नाही, प्लास्टरवर.

त्या काळी भारनियमन असायचं. सकाळी लाईट जायची ती दुपार कलल्यावर यायची. मशीन मुकी होऊन बसायची आणि आम्ही दोघं पत्र्याच्या शेडमध्ये घामानं निथळत बसायचो. हे डाव्या हातात प्लायवूडचा तुकडा घेऊन मला वारा घालायचे. असंच एकदा लाईट गेली, मशीनची घरघर विझली, आणि त्या शांततेत मधल्या दारातून मामा आत आले.

आम्ही दोघंही उठून उभे राहिलो. मामांनी आमच्याकडे बघितलं नाही. कोपऱ्यातून तीन फळकुटं काढली, एक खाली, दोन दोन्ही बाजूंना, आणि बसक्या पन्हाळीसारखी एक उघडी पेटी ठोकली. मग करवतीनं त्या पेटीच्या भिंतींत तिरप्या खाचा पाडल्या, एक डावी, एक उजवी. एक तुकडा त्या पेटीत ठेवला, खाचेत करवत घातली आणि करवतीची मूठ माझ्याकडे केली. मी करवत धरली, ओढायला लागले. घाम, धाप, आणि लवकर व्हावं म्हणून मी जोर लावत होते.

मामा म्हणाले, "दाबू नको. करवतीचं वजन पुरतं. तू निस्ती ने आन् आण."

आत्याबाई गेल्यापासून त्यांच्या तोंडून आलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य. मी यांच्याकडे बघितलं नाही, पण वारा घालणारा प्लायवूडचा तुकडा थांबला होता.

तेव्हापासून आमची शाळा दोन पाळ्यांत भरायला लागली. लाईट असली की मशीन आणि हे. लाईट गेली की पेटी, करवत आणि मामा. मामांच्या हाताखाली मला लाकूड हळू कळायचं. रेषा कुठून कुठे जाते, पट्टीची नक्षी कुठल्या टोकाला फाटते, कुठून धरली तर नाही फाटत. ते लाईट आल्यावर मशीनवर उपयोगी पडायचं, दांडा आपोआप सावकाश खाली यायचा. मशीन सुरू झाली की मामा उठून आत जायचे. पण आता बाज अंगणातून मधल्या दाराजवळ आली होती. एकदा मी कापत असताना आतून आवाज आला, "वरडून राह्यलं लाकूड. सावकाश." काप बघितला तर कड जळाली होती.

आमच्या गल्लीत रशीदभाई राहायचे. त्यांची मालाची तीनचाकी रिक्षा होती. मशीन, शिडी, पट्ट्या त्यात घालून आम्ही मस्तगडला जायला लागलो. पहिल्या दिवशी मी काष्टा आणि शर्ट घालून काकीजींच्या दारात उतरले तेव्हा रिक्षाच्या आडच उभी राहिले. घरात पाहुण्यांची ये-जा सुरू झालेली, ओसरीवर पापड वाळत घातलेले, गव्हल्या करणाऱ्या बायका बसलेल्या. सगळ्या बघायला लागल्या. काकीजी पुढे आल्या. त्यांनी यांचा हात बघितला, माझा शर्ट बघितला, मशीन बघितली. काय चाललंय ते त्यांना सांगावं लागलं नाही.

त्यांनी विचारलं, "शिडीवर तू चढणार?"

मी हो म्हटलं.

मग त्यांनी घरातल्या सगळ्या पुरुषांना सांगून टाकलं की लग्न होईपर्यंत दिवसा खालच्या हॉलमध्ये कुणी यायचं नाही, मोठ्यांनीही मागच्या जिन्यानं वर जायचं. असं सांगितलं की जणू ती लग्नातलीच एखादी रीत आहे. आणि गव्हल्या करणाऱ्या बायकांना हॉलच्या दारात आणून बसवलं, मला एकटं वाटू नये म्हणून की काय कोण जाणे. त्या खालून गाणी म्हणायच्या, मी वर शिडीवर.

दारांच्या आणि खिडक्यांच्या पट्ट्या बसल्या. त्या सोप्या, सपाट असतात, एका बाजूची कलम. त्या जमल्या तेव्हा मला वाटलं, आलं आपल्याला. खरं काम पुढे होतं. छताची पट्टी भिंतीला सपाट चिकटत नाही. ती भिंत आणि छत यांच्या मधल्या कोपऱ्यात कलती बसते, एखादं माणूस भिंतीला रेलून उभं राहतं तशी. तिची कलम दोन अंगांनी तिरपी. ती कापताना मशीनवर उलटी धरायची, पाट म्हणजे छत आणि आड म्हणजे भिंत असं मनात समजून. खालचं वर आणि डावं उजवं. हे मला समजावून सांगत होते, मी हो हो म्हणत होते, आणि सगळ्यात लांब भिंतीसाठी ठेवलेल्या पट्टीला मी उलट्या बाजूची कलम दिली.

कापून झाल्यावर शिडीवर चढून लावायला गेले तेव्हा कळलं. पट्टीचं टोक कोपऱ्यात जाण्याऐवजी हॉलच्या मध्याकडे तोंड करून राहिलं. मी खाली उतरले. गव्हल्यांच्या बायकांचं गाणं मध्येच थांबलं. हे पट्टीकडे बघत होते. त्या लांबीची आता एकच पट्टी शिल्लक होती, आणि तीही दोन्ही टोकं कापल्यावर पुरेल न पुरेल अशी. कापलेली पट्टी आखूड भिंतीला चालली असती, पण शिल्लक राहिलेली बिघडली तर तसं सागवान, तशी नक्षी आता लग्नाआधी कुठून मिळणार नव्हती.

त्यात आणखी एक होतं. तो हॉल जुना. भिंती कुठेच काटकोनात नव्हत्या. आधीच्या दोन कोपऱ्यांत बरोबर कापूनही पट्ट्यांमध्ये फट राहिली होती. मशीनवर आकडे काटकोनाचे, आणि भिंतींना त्यांची खबर नाही. हे म्हणाले, उद्या बघू. त्यांचा आवाज इतका थकलेला होता की मला रडू आलं. काकीजींनी ताकाचा पेला हातात दिला आणि माझ्याजवळ नुसत्या बसून राहिल्या. मला वाटत होतं, आता त्या म्हणतील की राहू दे, बाई. पण त्यांनी तसं म्हटलं नाही.

त्या रात्री जेवताना मी मामांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं नव्हतं. कुणाला तरी सांगायला हवं होतं म्हणून मी सांगत सुटले. पट्टी कशी वाया गेली, कोपरे कसे वाकडे आहेत, हे कसे गप्प झालेत. सांगताना माझ्याच लक्षात आलं की मी आत्याबाईंसारखी बोलते आहे. मामा भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिले.

सकाळी रशीदभाईंची रिक्षा दारात आली तेव्हा मामा टोपी घालून, धोतर नीट करून, मागच्या फळीवर शिडीशेजारी आधीच जाऊन बसले होते.

त्या हिवाळ्यानंतर ते पहिल्यांदाच घराबाहेर पडत होते. मस्तगडला पोचल्यावर त्यांनी हॉलमध्ये एक फेरी मारली. मग पिशवीतून दोन पातळ पट्ट्या काढल्या. एका टोकाला एकच खिळा मारून जोडलेल्या, कात्रीसारख्या उघडझाप होणाऱ्या. शिडी धरायला त्यांनी मला सांगितलं आणि म्हातारा माणूस हळूहळू वर चढला. कोपऱ्यात त्या दोन पट्ट्या उघडून दोन्ही भिंतींना टेकवल्या, खिळ्यापाशी अंगठा घट्ट दाबला आणि तसाच खाली उतरला. भिंतीचा खरा कोन त्या पट्ट्यांच्या मध्ये धरून आणलेला.

मग ते सरळ मशीनपाशी गेले. पाटावर त्या उघड्या पट्ट्या ठेवल्या आणि लेकाकडे बघितलं.

"ह्याचा अर्धा पाह्यजे. तुझ्या मशीनला सांगता येतं का?"

हे खाली वाकले. त्या पट्ट्यांचा कोन कागदावर उतरवला, मधोमध घडी घातली, घडी मशीनच्या पाटावर धरली, पाट किंचित फिरवला, पात्याचं डोकं जरासं कलवलं. वडिलांना म्हणाले, "येतं, दादा."

"मंग हाय की चांगली मशीन."

इतकंच. पण त्यानंतर दोघं त्या मशीनवर वाकून बोलत राहिले. वरचा कोन किती, खालचा किती, पट्टीची पाठ आधी की पोट, ते उलटं धरायचं म्हणजे नक्की कसं. बापानं लेकाला विचारलं, लेकानं बापाला. मधूनच एकमेकांचं चुकलं म्हणून दुरुस्त केलं. मी आणि काकीजी दारात उभ्या राहून बघत होतो. काकीजींनी माझ्या दंडाला हलकेच बोट लावलं, बस, एवढंच.

आधी टाकाऊ तुकड्यांवर दोन कलमा कापून बघितल्या. मामांनी त्या कोपऱ्यात नेऊन जुळवल्या आणि अजून थोडं, केसभर, अशी मान हलवली. हे पाट केसभर फिरवायचे. पुन्हा तुकडा, पुन्हा शिडी. शेवटी ती लांब पट्टी आणली. एका टोकाला रशीदभाई, दुसऱ्या टोकाला मामा. हे आडेपाशी, डाव्या तळव्यानं पट्टी दाबून. दांडा माझ्या हातात. लाईट कधी जाईल सांगता येत नव्हतं. मी पात्याला वेग येऊ दिला. डोळे उघडे ठेवले. आणि मशीनचा दांडाही मी मामांनी करवत शिकवली तसाच खाली आणला, त्याच्या स्वतःच्या वजनानं. भुसा माझ्या मनगटावर उडत राहिला, गरम. मग टोक सुटून खाली पडलं. दुसऱ्या कोपऱ्याचा कोन घेऊन दुसरं टोकही तसंच कापलं.

पट्टी वर चढवली तेव्हा ती दोन्ही कोपऱ्यांत जाऊन बसली. मी बोट फिरवलं. नखाला फट लागली नाही. खाली गव्हल्यांच्या बायकांनी काही न सांगता गाणं सुरू केलं.

राहिलेले कोपरेही तसेच केले. आधीचे दोन फाकलेले होते ते काढून पुन्हा बसवले. लग्न झालं. मुलीची पाठवणी त्या हॉलमधूनच झाली. आम्हाला पंगतीचं बोलावणं होतं. त्या दिवशी मी जरीची साडी नेसून गेले. तिथल्या कित्येक बायकांना ओळखूच आले नाही. एकीनं तर माझ्याचपुढे दुसरीला सांगितलं की छताचं काम म्हणे कुणा बाईनं केलंय.

यांचं मनगट जुळलं, पण पूर्ण वळलं नाही. म्हणून दांडा माझ्याकडेच राहिला. पुढच्या वर्षी दुसऱ्या घराचं काम आलं, मग आणखी एक. सुरुवातीला लोक दुकानात येऊन यांना विचारायचे, हे माझ्याकडे बोट करायचे. मग हळूहळू यांना विचारायचे बंद झाले. आता पट्ट्याही बदलल्या. प्लास्टिकच्या आल्या, दाबलेल्या भुशाच्या आल्या, छताला तर प्लास्टरच ओतून देतात. त्यांना ना हवा कळते, ना उन्हाळा. वर्षभर एकसारख्या राहतात. लोकांना तेच बरं वाटतं, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. मी त्याही कापते. पण सागवानाची पट्टी हातात आली की मी आधी ती नाकाशी नेते. हे अजून हसतात.

मामा त्यानंतर बरीच वर्षं होते. फार बोलके झाले असं नाही. पण विचारलं की स्वतः उत्तर द्यायचे. तसे ते भरभरून बोलले ते एकदाच, त्या हॉलचं काम संपलं त्या संध्याकाळी.

परत येताना मशीन रिक्षात मागे बांधलेली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना आम्ही तिघं. ऊन उतरलं होतं. दिवसभर तापलेल्या रस्त्याची धग मात्र अजून वर येत होती. मामा सहज बोलल्यासारखे म्हणाले, "मी पहिली कलम मारली ती तुमच्या आईसाठी."

हे बापाकडे बघायला लागले.

मामा सांगायला लागले. लग्न नवं होतं. तिला आरसा हवा होता. त्यांनी बाजारातून काच आणली आणि कुणाला न सांगता चौकट करायला घेतली. तोवर त्यांना कलम येत नव्हती. चारही कोपरे फाकले. एका कोपऱ्यात तर बोटाचं पेर जाईल एवढी फट. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या आजेसासऱ्यांनी, चौकट उचलून बघितली आणि खेकसले की हा कसला सुताराचा पोरगा. घरात सगळे जमलेले. नवी नवरी डोक्यावर पदर घेऊन दारात उभी. तिनं तोवर सासऱ्यांपुढे तोंड उघडलं नव्हतं.

"तवा ती पहिल्यांदा बोलली," मामा म्हणाले. "म्हणली, मामा, फट मीच ठिवायला सांगितली. मला सुई खोचायला जागा पाह्यजे."

मामा हसले. त्यांचे खांदे हलत होते. म्हणाले, तेव्हा जे बोलायला लागली ती लागलीच. आणि सुई तिनं आयुष्यभर तिथंच खोचली. नंतर त्यांना चांगल्या कलमा यायला लागल्या, नवी चौकट करून देतो म्हणून ते कितीदा तरी मागे लागले, पण ती करू देईना. मग ते तिच्या माहेरचं सांगायला लागले, धावड्याकडच्या त्यांच्या वरातीचं, ती पहिल्यांदा जालन्याला आली तेव्हा रेल्वेचं फाटक बघून काय म्हणाली त्याचं. एकातून एक निघत होतं. मध्येच थांबून ते डोळे पुसायचे आणि पुन्हा सुरू व्हायचे. यांचा प्लास्टरचा हात वडिलांच्या गुडघ्यावर होता.

आमचं घर आलं. रिक्षा दारापुढे थांबली. उतरायला कुणी हललं नाही. रशीदभाईंनी एकदा मागे वळून बघितलं, मग हात पुढे करून इंजिन बंद केलं, आणि तेही ऐकत बसले.